प्रश्न विचारणारा विश्वास

ख्रिस्ती विश्वास आणि प्रश्न यांच्या नात्याविषयी दोन मते सर्रास ऐकू येतात. पहिले मंडळीच्या आतले: विश्वास म्हणजे शंका न घेता स्वीकारणे, ज्याला प्रश्न पडतात त्याचा विश्वास कच्चा, त्याने अधिक प्रार्थना करावी. दुसरे मंडळीबाहेरच्या बुद्धिवाद्यांचे: धर्म टिकतो तोच मुळी प्रश्नांना बंदी घालून, माणूस मोकळेपणाने विचारू लागला की त्याची श्रद्धा सुटते. हे दोन्ही पक्ष एकमेकांचे कडवे विरोधक, पण प्रश्न आणि विश्वास एका घरात नांदू शकत नाहीत यावर दोघांचे एकमत आहे. तपासून पाहायला हवे ते हे एकमत. पवित्र शास्त्राचा पुरावा त्याच्या विरुद्ध जातो आणि मराठी ख्रिस्ती परंपरेचा चारशे वर्षांचा इतिहासही विरुद्धच जातो. शास्त्रात विश्वास अनेकदा प्रश्नाच्या रूपानेच बोलतो, आणि तसे बोलण्याचा अधिकार विद्वानांपुरता राखलेला नाही. मुले, कैदी, भिकारी, परदेशी, शोकाकुल माणसे असे सगळेच तो वापरतात. मराठी मंडळीचे पूर्वजही याच वाटेने आले. हा अधिकार पुढच्या पिढ्यांच्या हातून कसा निसटला आणि तो परत का द्यायला हवा, हे या आढाव्यात मांडायचे आहे.

सुरुवात मुलांपासून करू, कारण जुन्या कराराने तीच केली आहे. मिसरातून सुटका झाल्याची आठवण म्हणून वल्हांडण सण नेमला गेला, तेव्हा निर्गमाच्या बाराव्या अध्यायात आईबापांना एक सूचना आहे: या विधीचा अर्थ काय, असे तुमची मुले विचारतील तेव्हा त्यांना सुटकेची हकिकत सांगा. अनुवादाच्या सहाव्या अध्यायात नियमशास्त्राबद्दल हेच येते. यार्देन नदी ओलांडल्यावर यहोशवाने बारा धोंडे उभे करवले, तेही पुढे मुलांनी त्यांच्याविषयी विचारावे म्हणून. इथे मुलाचा प्रश्न हा विधीत आलेला अडथळा मानलेला नाही. तो येणार हे गृहीत धरून विधीची रचना केली आहे. यहुदी घरांत आजही वल्हांडणाच्या जेवणावेळी सर्वांत धाकट्याने ठरावीक प्रश्न विचारायचे असतात आणि त्यानंतरच कथा पुढे सरकते. ज्या धर्माने आपला सर्वांत मोठा सण मुलाच्या विचारण्याभोवती बांधला, त्याला प्रश्नांचे भय होते असे म्हणता येणार नाही. लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडतो तेव्हा तो गुरुजनांचे ऐकत असतो आणि त्यांना प्रश्नही विचारत असतो. लूकने त्याच्या जन्मकथेनंतरच्या बालपणातला हा एकच प्रसंग सविस्तर सांगितला आहे, हे लक्षात घ्यावे.

मुलांचा प्रश्न माहितीचा असतो. मोठ्यांचा प्रश्न न्यायाचा होतो. सदोमाचा नाश होणार हे कळल्यावर अब्राहाम देवासमोर उभा राहून विचारतो की सगळ्या जगाचा न्यायाधीशच न्याय करणार नाही काय, आणि मग पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत घासाघीस करतो. देव रागावत नाही. मिद्यान्यांच्या भीतीने द्राक्षकुंडात गहू झोडणाऱ्या गिदोनाला देवदूत भेटतो, तेव्हा परमेश्वर आमच्याबरोबर असेल तर आमच्यावर हे सगळे का आले, असे गिदोन विचारतो. हे विचारणाऱ्यालाच पुढे लोकांच्या सुटकेसाठी पाठवले जाते. दुर्जनांची भरभराट का होते हा यिर्मयाचा प्रश्न आहे. स्तोत्रांमध्ये ‘किती काळ’ आणि ‘का’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात, आणि अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर कुठलेही समाधान न मिळता अंधारातच संपते. तरीही ते उपासनेच्या ग्रंथातून कुणी काढून टाकले नाही. ईयोबाच्या ग्रंथात ही गोष्ट निर्णायक होते. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेतात, रूढ उत्तरे देतात, दुःख म्हणजे पापाची शिक्षा हे सूत्र घोकतात. ईयोब मात्र देवालाच जाब विचारतो. देव बोलतो तेव्हा ईयोबाला खडसावतो खरा, पण शेवटच्या अध्यायात निवाडा देतो तो मित्रांच्या विरुद्ध: ते देवाविषयी ईयोबासारखे योग्य बोलले नाहीत. पाठ केलेल्या उत्तरांपेक्षा पोळलेला प्रश्न देवाला अधिक खरा वाटला, असे शास्त्रच सांगते.

या सगळ्यात हबक्कूकचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्याचा तीन अध्यायांचा छोटा ग्रंथ तक्रारीने उघडतो. जुलूम चालला आहे आणि देव ऐकत का नाही? एक उत्तर मिळते, त्यातून आणखी अवघड प्रश्न निघतो, आणि संदेष्टा आता देव काय बोलतो ते पाहू म्हणून पहाऱ्यावर उभा राहतो. तिथे त्याला जे उत्तर मिळते त्यात नीतिमान विश्वासाने जगेल हे वचन आहे. पौलाने रोमकरांस आणि गलतीकरांस लिहिलेल्या पत्रांत हेच वचन आधाराला घेतले आणि सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरची सगळी धर्मसुधारणा त्याच्यावर उभी राहिली. केवळ विश्वास हा प्रोटेस्टंट मंडळीचा मूलमंत्र. तो ज्या वाक्यावर टेकला आहे ते वाक्य एका हट्टी प्रश्नकर्त्याला मिळालेले उत्तर आहे. प्रश्न पुसून टाकला तर ते उत्तरही निराधार होते.

शास्त्रात माणूस जितका विचारतो तितकाच देवही विचारतो. आज्ञा मोडल्यावर लपलेल्या आदामाला देव हाक मारतो ती तो कुठे आहे असे विचारत. काइनाला त्याच्या भावाविषयी विचारतो. योनाचा ग्रंथ तर देवाच्या अनुत्तरित प्रश्नावरच संपतो, आणि निनवेबद्दल कळवळा असावा की नसावा याचा निर्णय वाचकावर सोपवला जातो. शुभवर्तमानांत येशूची शिकवण्याची रीत हीच आहे. एक शास्त्री सार्वकालिक जीवनाविषयी विचारतो, तेव्हा येशू त्यालाच विचारतो की नियमशास्त्रात तू काय वाचतोस. शास्त्री पुढे विचारतो की माझा शेजारी कोण. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट सांगून येशू तो प्रश्न फिरवून परत देतो: जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला? आता व्याख्येची चर्चा उरत नाही. उत्तर देणाऱ्याला स्वतः काहीतरी करावे लागते. आंधळ्या बार्तीमयाला काय हवे हे उघड दिसत असूनही येशू ते त्याच्या तोंडून वदवून घेतो. कैसरीया फिलिप्पीच्या वाटेवर लोक काय म्हणतात हे ऐकून झाल्यावर तो शिष्यांना त्यांचे स्वतःचे मत विचारतो, आणि ख्रिस्ती मंडळीची पहिली कबुली पेत्राच्या तोंडून येते ती या प्रश्नाचे उत्तर म्हणून. अखेर वधस्तंभावर येशू स्तोत्रातलाच प्रश्न आपला करतो आणि देवाने आपल्याला का सोडले असे विचारतो. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याचेच मार्क आणि मत्तय यांनी नोंदलेले शेवटचे शब्द प्रश्नरूप असतील, तर प्रश्न म्हणजे अविश्वास हे समीकरण कुणाही ख्रिस्ती माणसाला मांडता येत नाही.

याचा अर्थ प्रत्येक प्रश्न पवित्र असतो असा नाही. बायबलमधला पहिला प्रश्न सर्पाचा आहे, आणि तो देवाची आज्ञा मुद्दाम वाढवून सांगतो, उत्तर देऊ शकेल त्या देवाकडे न जाता त्याच्या पाठीमागे संशय पेरतो. पिलात सत्य म्हणजे काय असे विचारतो आणि उत्तराला न थांबता निघून जातो. कैसराला कर द्यावा की नाही हा प्रश्न पकडण्यासाठी लावलेला सापळा होता. खरा प्रश्न आणि खोटा प्रश्न यांतला फरक मार्कच्या अकराव्या अध्यायात सर्वांत स्वच्छ दिसतो. कोणत्या अधिकाराने हे करतोस, असे धर्मपुढारी विचारतात. येशू उलट विचारतो, योहानाचा बाप्तिस्मा स्वर्गापासून होता की माणसांपासून? पुढारी आपसांत हिशेब करतात. एक उत्तर दिले तर आपण अडकू, दुसरे दिले तर लोक चिडतील. खरे काय आहे याचा विचार त्या हिशेबात कुठेच नाही. ते आपल्याला ठाऊक नाही म्हणतात, आणि येशूही उत्तर देण्याचे नाकारतो. कसोटी इथे आहे. मिळणाऱ्या उत्तराने आपल्याला बदलावे लागले तर बदलण्याची तयारी ज्याच्या मनात आहे त्याचा प्रश्न खरा, मग तो कितीही कडवट असो. ज्याने परिणाम आधीच ठरवून ठेवला आहे त्याचा प्रश्न खोटा, मग तो कितीही नम्र असो.

मंडळीच्या पुढच्या इतिहासात प्रश्नाची ही प्रतिष्ठा बराच काळ टिकली. कँटरबरीच्या अन्सेल्मने देव माणूस का झाला या विषयावरचा आपला ग्रंथ बोसो नावाच्या शिष्याशी संवाद म्हणून लिहिला आणि अविश्वासी लोकांच्या शंका त्या शिष्याच्या तोंडी घातल्या. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने प्रत्येक मुद्द्याची सुरुवात प्रश्नाने केली आणि स्वतःचे मत सांगण्याआधी विरुद्ध बाजूचे आक्षेप मांडले. मग छापखाना आला, धर्मसुधारणेच्या काळात सामान्य माणसाला शिकवण्याची निकड आली आणि प्रश्नोत्तरावलीचे युग सुरू झाले. ल्यूथरची छोटी प्रश्नोत्तरावली १५२९ ची, हायडेलबर्गची १५६३ ची, १२९ प्रश्नांची. वेस्टमिन्स्टरची लघु प्रश्नोत्तरावली सतराव्या शतकाच्या मध्यावरची, १०७ प्रश्नांची. या पुस्तकांनी निरक्षर कुटुंबांना विश्वासाचा गाभा दिला, हे मोठे काम होते. पण त्यात एक उलटापालट झाली, ती सहज नजरेतून सुटते. वल्हांडणाच्या रात्री मूल विचारत होते आणि बाप सांगत होता. प्रश्नोत्तरावलीत पाळक विचारतो आणि मुलाने ठरलेले उत्तर द्यायचे असते. प्रश्न तोंडी राहिला, पण तो विचारणारा बदलला.

आपल्याकडे या दोन्ही रीती एकाच माणसाच्या लेखणीतून उतरल्या. इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला आणि साष्टीत राहून त्याने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. १६१६ मध्ये ते राचोल येथे छापले गेले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाच्या उगमाशीच श्रोत्याची मागणी आहे. जुनी पुराणे वाचायला आता बंदी झाली, तर आमच्यासाठी दुसरे पुराण का नाही, असा सवाल धर्मशिक्षण घेणाऱ्यांतला एक ब्राह्मण करतो, आणि त्याला उत्तर म्हणून कथा सुरू होते. पुढेही श्रोते मध्येच शंका काढतात आणि गुरू थांबून तिचे निरसन करतो. पुराणकथनाची ही आपल्याकडची जुनी पद्धत स्टीफन्सने जशीच्या तशी उचलली. त्याच स्टीफन्सची मुलांसाठी संवादरूपाने लिहिलेली कोकणी धर्मशिक्षणाची पुस्तिका १६२२ मध्ये छापली गेली. बंदी, पोर्तुगीज सत्ता आणि धर्मांतराचा दबाव या कठोर पार्श्वभूमीवरचे हे लेखन आहे आणि ती पार्श्वभूमी झाकून चालणार नाही. तरीही मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पहिला मोठा ग्रंथ श्रोत्याला बोलू देतो, ही नोंद मोलाची आहे.

एकोणिसाव्या शतकात प्रश्न देवळातून चव्हाट्यावर आला. १८२९ मध्ये मुंबईत आलेल्या स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने शास्त्रीपंडितांशी जाहीर वाद केले. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर त्याच्यासमोर उभे राहिले आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तकही त्यांनी लिहिले. १८५७ च्या पहिल्या काही महिन्यांत विष्णुबावा ब्रह्मचाऱ्यांनी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जे वाद केले, त्यांना मोठी गर्दी लोटे. हे वाद सौम्य नव्हते. मिशनऱ्यांनी हिंदू दैवतांविषयी वापरलेली भाषा अनेकदा अपमानकारक होती, आणि सत्तेचे पाठबळ एका बाजूला होते. पण आपण इतरांना विचारतो तेच प्रश्न आपल्यालाही विचारले जातील हे मिशनऱ्यांना तिथे शिकावे लागले. याच काळात जॉन म्यूर या स्कॉटिश अधिकाऱ्याने ‘मतपरीक्षा’ हा गुरुशिष्य संवाद संस्कृतात लिहिला, आणि त्याला उत्तर देणाऱ्यांत काशीत वाढलेले तरुण मराठी पंडित नीलकंठशास्त्री गोऱ्हे होते. त्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ १८४४-४५ च्या सुमाराचा. पूर्वजन्म नसेल तर जन्मतःच असलेल्या विषमतेचा न्याय कसा लावायचा? दयाळू देव जीव निर्माण करून त्यांना अनंतकाळच्या नरकात कसा पाठवतो? हे त्यांचे आक्षेप आजही कुणाला सहज खोडता येणारे नाहीत.

हेच गोऱ्हे १८४८ मध्ये जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाले. खंडन करायला म्हणून त्यांनी बायबल हाती घेतले आणि त्या वाचनाने ते स्वतःच ओढले गेले. पण बाप्तिस्म्याने त्यांचे प्रश्न संपले नाहीत. जन्मभर ते शंकांनी पछाडलेले राहिले. एका ख्रिस्ती संन्यासी संघात उमेदवार म्हणून राहूनही अखेरची व्रते त्यांनी कधी घेतली नाहीत. तरीही १८९५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते ख्रिस्ताला धरून राहिले, आणि ‘षड्दर्शनदर्पण’सारखा दर्शनांची चिकित्सा करणारा ग्रंथ त्यांनी लिहिला. प्रश्न माणसाला श्रद्धेपासून तोडतोच, असे म्हणणाऱ्यांनी या आयुष्याकडे पाहावे. बेळगावात १८३१ मध्ये जन्मलेले बाबा पदमनजी हे दुसरे उदाहरण. मिशन शाळेत शिकताना त्यांना धर्माविषयी प्रश्न पडले, जातिभेद मोडू पाहणाऱ्या परमहंस सभेत ते गेले, आणि वर्षानुवर्षांच्या घालमेलीनंतर १८५४ मध्ये बेळगावलाच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘अरुणोदय’ या त्यांच्या आत्मचरित्राचा मोठा भाग या घालमेलीने व्यापला आहे. आणि १८५७ मध्ये आलेल्या ‘यमुनापर्यटन’ने विधवांना असे का जगावे लागते हा प्रश्न सगळ्या मराठी समाजापुढे ठेवला. स्वतःला विचारलेले प्रश्न इथे दुसऱ्याच्या दुःखाकडे वळले.

नारायण वामन टिळकांच्या हाती १८९३ मध्ये आगगाडीत एका अनोळखी सहप्रवाशाकडून नवा करार आला. त्यानंतर दीड-दोन वर्षे अभ्यास, पत्रव्यवहार आणि मनाशी झगडा करून १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बाप्तिस्म्यानंतरही त्यांनी विचारणे सोडले नाही. ख्रिस्ताला इंग्रजी वेशातच का पाहायचे, भजन आणि अभंग उपासनेत का नकोत, मिशनच्या पगारावर जगणारी मंडळी स्वतंत्र कशी होणार, हे प्रश्न त्यांना अखेर मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापण्यापर्यंत घेऊन गेले. पण या घरातला सर्वांत धारदार प्रश्न लक्ष्मीबाईंचा आहे. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून त्यांनी बदलला नाही. बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, टिळकांनंतर पाच वर्षांनी. ‘स्मृतिचित्रे’त त्या सांगतात की जात देवाने केली की माणसाने, हा विचार करता करता त्यांचा निर्णय झाला, आणि सोवळ्याओवळ्याचे ओझे एकदम उतरले. कुठल्याही पाठशाळेत न गेलेल्या बाईने, कुणाच्या पुस्तकाच्या आधाराविना, मनात विचारलेला हा प्रश्न अनेक धर्मपंडितांच्या ग्रंथांपेक्षा खोलवर गेला.

पंडिता रमाबाईंची गोष्ट याहून अवघड आहे, कारण त्यांचे प्रश्न त्यांच्याच मंडळीला उद्देशून होते. १८८३ च्या २९ सप्टेंबरला इंग्लंडमध्ये वाँटेजच्या भगिनीसंघात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर १८८५ मध्ये त्याच संघातल्या सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या शिक्षणतज्ज्ञ डोरोथिया बील यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याच्या सिद्धान्तावर आणि अथनेशियन मतांगीकारावर थेट शंका घेतल्या. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, हे विचारले. बिशपांनी त्यांना पुरुषांना शिकवण्यास मनाई केली, तेव्हा तिचे कारण मागितले. पुरोहितांच्या जोखडातून कष्टाने सुटल्यावर आता दुसरे जोखड आपण मानेवर घेणार नाही, असा त्यांचा स्पष्ट पवित्रा होता. जेराल्डिनबाईंना यात गर्व दिसला. पुढे काय घडले ते इतिहासात आहे. १८८९ मध्ये शारदा सदन सुरू झाले. केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले आणि दुष्काळात शेकडो मुली-बायकांना तिथे आसरा मिळाला. खेड्यातल्या बायकांना समजेल अशा सोप्या मराठीत बायबल आणण्यासाठी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याची शेवटची वर्षे त्या कामात घातली. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांचा ख्रिस्तावरचा विश्वास उत्तरोत्तर गाढ होत गेला. प्रश्न विचारणारी बाई मंडळीबाहेर जाईल, ही भीती खोटी ठरली. त्या प्रश्नांना जागा न देणारी व्यवस्थाच त्यांच्यापुढे अपुरी पडली.

हा वारसा असलेल्या मराठी मंडळ्यांत पुढे प्रश्न आटला. त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. पहिली पिढी विचारून आली, दुसरी जन्माने आली. मिशनच्या शाळा, दवाखाने, वसतिगृहे सांभाळायची होती, आणि संस्था सांभाळणाऱ्याला शंकेपेक्षा शिस्त सोयीची असते. शब्बाथ शाळेत वचने पाठ झाली, दृढीकरणाच्या वर्गात उत्तरे पाठ झाली, आणि उपदेश एकतर्फी झाला. अहमदनगर, जालना, सोलापूर या भागांत मंडळीत आलेल्या बहुसंख्य लोकांचा सर्वांत मोठा प्रश्न मात्र जातीचाच होता. बाप्तिस्म्यानंतर अस्पृश्यतेचे काय झाले, मंडळीने तिच्याविरुद्ध काय केले, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ख्रिस्ती समाजाला आपल्या लेखनातून कठोरपणे विचारले. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून ख्रिस्ती दलित वगळले गेले, त्यामुळे हा प्रश्न पोटाशीही जोडला गेला. मंडळीच्या आतून त्याला धर्मशास्त्राची वाचा मिळाली ती बंगळुरात. १९१० मध्ये स्थापन झालेल्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये १९८१ साली महाराष्ट्रातून आलेले धर्मशास्त्रज्ञ अरविंद निर्मल यांनी शूद्रांच्या धर्मशास्त्राची मागणी करणारे भाषण केले. ब्राह्मणी तत्त्वज्ञानाशी संवाद साधण्यात दंग असलेल्या भारतीय ख्रिस्ती विचारात मंडळीतल्या बहुसंख्य दलितांची वेदना कुठे आहे, असे त्यांनी विचारले. दलित धर्मशास्त्राचा जो प्रवाह पुढे वाढला त्याचा उगम या भाषणाकडे नेला जातो. हबक्कूकच्या तक्रारीतून एक सूत्र निघाले होते. निर्मल यांच्या तक्रारीतून एक विद्याशाखा निघाली.

या भूमिकेवर तीन गंभीर आक्षेप येतात. पहिला शास्त्राचाच. याकोबाचे पत्र संशय धरणाऱ्याला वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेची उपमा देते. जखऱ्याने देवदूताला विचारले म्हणून तो मुका झाला. तीताला आणि तीमथ्याला लिहिलेली पत्रे मूर्खपणाचे वाद टाळायला सांगतात. हे खरे आहे, पण ही वचने अर्धी वाचली जातात. याकोब त्याच्या आधीच्या ओळीत सांगतो की ज्याला ज्ञान उणे आहे त्याने देवाकडे मागावे, आणि देव दोष न लावता देतो. जखऱ्याच्याच अध्यायात मरीयाही हे कसे होईल असे विचारते, आणि तिला सविस्तर उत्तर मिळते. जखऱ्याचीही वाचा पुढे परत येते आणि त्याला दिलेले वचन पूर्ण होते. पौलाच्या परंपरेतली ती पत्रे भांडण लावणाऱ्या वितंडवादाविरुद्ध आहेत. त्याच नव्या करारात बिरुया गावचे लोक खुद्द पौलाचे बोलणे खरे आहे का हे शास्त्रात रोज शोधून पाहतात म्हणून त्यांना थोर मनाचे म्हटले आहे. थेस्सलनीकेच्या मंडळीला सगळ्याची पारख करायला सांगितले आहे, आणि यहूदाचे छोटे पत्र संशयात पडलेल्यांवर दया करायला सांगते. धुत्कारण्याची आज्ञा कुठेच नाही.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा, आणि तो अधिक कळकळीचा. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती समाज जेमतेम एक टक्का आहे. बाहेरून संशयाचे वातावरण असताना घरातच प्रश्न उभे केले तर साधा भाविक गोंधळेल, तरुण निघून जातील, असे अनेक पाळकांना आणि फादरांना मनापासून वाटते. ही काळजी खोटी नाही. प्रश्न विचारणारे सगळेच आत येतात असेही नाही. जोतीराव फुले मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांचे मित्र राहिले, तरी ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांचा ‘सार्वजनिक सत्यधर्म’ हा प्रश्नोत्तररूप ग्रंथ त्यांना वेगळ्याच वाटेने घेऊन गेला. पण प्रश्न दाबल्याने तो संपत नाही, तो फक्त मंडळीच्या कानाआड जातो. आज तरुणाच्या हातात मोबाइल आहे. उत्क्रांती, बायबलमधली युद्धे, इतर धर्मांतल्या सज्जनांचे भवितव्य, स्त्रीचे स्थान यांविषयी जे तो मंडळीत विचारू शकत नाही ते तो परक्याला विचारतो, आणि उत्तर देणाऱ्याला त्याच्या आत्म्याची काळजी असेलच असे नाही. अल्पसंख्य समाजाला तर जाणता विश्वास अधिकच लागतो. आपल्या आशेचे कारण कुणी विचारले तर सौम्यतेने उत्तर द्यायला सदैव तयार असा, हा पेत्राच्या पहिल्या पत्रातला उपदेश छळ सोसणाऱ्या लहान मंडळ्यांनाच केलेला आहे. ज्याने स्वतःला कधी विचारले नाही तो दुसऱ्याला काय उत्तर देणार?

तिसरा आक्षेप असा की सगळेच खुले ठेवले तर विश्वासाला आकार उरत नाही. शेवटी काहीतरी ठाम मानावेच लागते. हे मान्यच आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याला चर्चासत्र नको असते, आधार हवा असतो. मंडळीचे मतांगीकार हे पूर्वजांनी झगडून मिळवलेले निष्कर्ष आहेत, आणि प्रत्येक पिढीने ते शून्यातून शोधावेत असे कुणी म्हणत नाही. पण निष्कर्षामागचा प्रश्न ठाऊक नसेल तर निष्कर्षाचा अर्थही कळत नाही. त्रैक्याचा सिद्धान्त पाठ म्हणणाऱ्याला तो कोणत्या अडचणीचे उत्तर आहे हे माहीत नसेल, तर रमाबाईंपेक्षा त्याची श्रद्धा शुद्ध ठरत नाही, फक्त कमी तपासलेली ठरते. ठामपणा आणि प्रश्न यांचे वैर नाही. आपल्या मुलाला घेऊन आलेला मार्कमधला बाप एकाच श्वासात विश्वास ठेवतो म्हणतो आणि आपल्या अविश्वासात मदतही मागतो; येशू त्याला परत पाठवत नाही, मुलाला बरे करतो.

आता हा अधिकार कुणाला परत द्यायचा, हे पाहू. त्यासाठी बंगळुराचेच उदाहरण घेऊ. तिथे बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे मुख्यालय आहे. मल्लेश्वरममध्ये संत पीटर्स पोंटिफिकल सेमिनरी आहे, बेन्सन टाउनला युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज आहे. देशातले अनेक धर्मशास्त्रज्ञ या शहरात घडतात आणि तिथे प्रश्न विचारणे हा अभ्यासाचा भागच असतो. याच शहराच्या वायव्येला पीण्या औद्योगिक क्षेत्र आहे, हजारो लहानमोठ्या कारखान्यांचे, लेथ, प्रेस आणि शिवणयंत्रांवर चालणारे. बेळगाव-निपाणीकडून असल्या ठिकाणी कामाला गेलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाचे प्रश्न कॉलेजातल्यांपेक्षा हलके नसतात. कंत्राट संपल्यावर देव कुठे असतो? प्रेसमध्ये बोटे गेलेल्या पोराला हे त्याच्याच वाट्याला का आले म्हणून काय सांगायचे? गावाकडची जात इथल्या मंडळीतही लग्नाच्या वेळी का डोके काढते? ईयोबाने, गिदोनाने आणि लक्ष्मीबाईंनी विचारले ते हेच. सेमिनरीत ज्या प्रश्नाला गुण मिळतात तोच प्रश्न मंडळीत विचारला की अविश्वास ठरतो, हा भेदभाव शास्त्राला मान्य नाही. सुंदर मराठीत ‘सुबोध बायबल’ देणारे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा बायबल हा मराठी वाचकाचाही ग्रंथ आहे हे ठसले. ग्रंथ सर्वांचा झाला असेल तर त्याला प्रश्न विचारण्याची मुभाही सर्वांना हवी.

त्यासाठी मोठ्या योजना लागत नाहीत. उपदेशानंतर काही वेळ श्रोत्यांसाठी राखावा. दृढीकरणाचा वर्ग छापील उत्तरांनी सुरू न करता मुलांच्या प्रश्नांनी सुरू करावा. प्रार्थनासभेत साक्षीबरोबर तक्रारीलाही जागा असावी, कारण स्तोत्रसंहितेत ती आहे. बायकांना आणि कामगारांना बोलते करावे, कारण सर्वांत खरे प्रश्न तिथे साचलेले आहेत. आणि पाळकाने किंवा फादरने, जेव्हा उत्तर ठाऊक नसेल तेव्हा, ठाऊक नाही असे सांगून पुढच्या आठवड्यात एकत्र शोधू म्हणावे. त्याने त्याचा मान कमी होणार नाही. मराठी ख्रिस्ती समाजाला घडवणारी माणसे विचारत आली, विचारत राहिली आणि विचारत असतानाच विश्वासात टिकली. त्यांची नावे देवळांना आणि संस्थांना देऊन त्यांची सवय मात्र नाकारणे हा त्यांचा सन्मान नव्हे. पुढच्या रविवारी एखाद्या मुलाने अवघड काही विचारले, तर त्याला गप्प करू नका. त्याचे नीट ऐका आणि त्याच्याबरोबर शास्त्र उघडा.